‘पास झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?



या वेळी या पानावर मोर्चाची बातमी नाही अन् निवेदनाची नक्कलही नाही. या वेळी आम्ही एका शब्दावर लिहून राहिलो. शब्द इंग्रजी आहे, पण आता त्याला इंग्रजी कोण म्हणेल? ज्या आजीला सही येत नाही, अंगठा लावते, तिच्याही तोंडात तो रोज येतो. तो शब्द आहे ‘पास’.

आपणच मोजून पाहा. पोरगी बारावी पास झाली. तिचा एसटीचा पास काढायचा आहे. तेंदूचे पैसे पडले का, ते पासबुकात पाहायचं आहे. रोजगार हमीचं मस्टर अजून पास झालं नाही. घरकुलाचं बिल पास व्हायसाठी पंचायत समितीत चकरा चालू आहेत. ग्रामसभेत ठराव पास झाला. वनहक्काचा क्लेम वर पास झाला का, कोणी सांगत नाही. बांबूची गाडी नाक्यावर अडवली, पास दाखव म्हणतात. पोरं पुलावर बसून टाइमपास करतात. अन् आपल्या गोंदियात हिंदी घराघरात, म्हणून ‘मेरे पास’ म्हटलं की पास म्हणजे जवळ.

एकाच शब्दाला इतकी कामं. बाजारात, शाळेत, घरी यानं काही बिघडत नाही. कोणता पास, ते बोलण्यावरून समजते. बसस्टँडवर पास विचारला तर कोणी बारावीची मार्कशीट दाखवत नाही. पण सरकारी टेबलासमोर उभं राहिलं की हाच शब्द आपल्याला फसवतो. तिथं ‘पास’ म्हणणारा एक सांगत असतो अन् ऐकणारा दुसरंच समजून घरी येतो. आमचं म्हणणं असं आहे की जमिनीच्या अन् जंगलाच्या कामात हा शब्द ऐकून मान हलवणं आता बंद केलं पाहिजे. कोणी पास केलं, काय पास केलं, ते विचारलं पाहिजे.

आमच्यापैकी काही जण बारावीपर्यंत शिकलो, म्हणून शाळेची इंग्रजी डिक्शनरी काढून पाहिली. पासला अर्ध्या पानाच्या वर अर्थ आहेत. शब्दाचं मूळ लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत आहे. तिथं त्याचा अर्थ होता पाऊल. पाऊल टाकून पुढं जाणं, एखादी जागा ओलांडणं. डोंगरातून पलीकडे जायची खिंड म्हणजे पास, जसा शाळेच्या पुस्तकातला खैबर पास. परीक्षा ओलांडली तो पास. कायदा सभागृहातून पुढं गेला की पास. अन् शेवटचा अर्थ म्हणजे चिठ्ठी, जी दाखवली की पहारेकरी जाऊ देतो.

या शेवटच्या अर्थाकडे नीट पाहा. आधीच्या अर्थांत जाणारा आपल्या पायानं जातो. चिठ्ठीच्या पासात पाय जाणाऱ्याचे असतात, पण जायचं की नाही ते चिठ्ठी देणारा ठरवतो. आपल्या लोकांच्या वाट्याला बहुत करून हाच पास आला आहे.

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कितीतरी फिरत्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवून यादीत टाकलं. यादीतल्या माणसाला ठरलेल्या जागेच्या बाहेर जायचं तर पास लागायचा. चोरी केली असो की नसो, पास नसला की तो आरोपी. स्वातंत्र्य आलं तरी हा कायदा लगेच गेला नाही, 1952 साली गेला. दक्षिण आफ्रिकेतही गोऱ्या सरकारनं काळ्या लोकांच्या खिशात पासबुक ठेवायला लावलं होतं. त्याच्या विरोधात शार्पव्हिल गावात 21 मार्च 1960 रोजी लोक पोलीस ठाण्यासमोर जमले. गोळीबारात 69 माणसं मेली. तिथले पासचे कायदे 1986 साली रद्द झाले.

माणसाचा पास असा गेला. आपल्या मालाचा पास मात्र राहिला. 1878 च्या जंगल कायद्यानं अन् नंतर 1927 च्या भारतीय वन कायद्यानं जंगलातून निघणाऱ्या मालाची वाहतूक सरकारच्या ताब्यात घेतली. 1927 च्या कायद्याचं कलम 41 त्यासाठीच आहे. नाक्यावर ज्याला आपण टीपी म्हणतो, तो वाहतूक पास याच कलमातून आला. जंगल राखणारे आपण, बांबू तोडणारे आपण, मोहफूल वेचणारे आपण. पण माल हलवायचा तर चिठ्ठी दुसऱ्याची.

आता कायद्यात काय बदललं ते पाहू. वनहक्क कायदा डिसेंबर 2006 मध्ये लोकसभेत अन् राज्यसभेत पास झाला. 29 डिसेंबर 2006 रोजी राष्ट्रपतींची सही झाली अन् 31 डिसेंबर 2007 पासून तो लागू झाला. या कायद्यात गौण वनोपज म्हणजे काय ते लिहून ठेवलं आहे. त्यात बांबू आहे, तेंदूपत्ता आहे, मध, मेण, लाख, कंदमुळं आहेत. या मालाची मालकी, तो गोळा करणं, वापरणं अन् विकणं, हा हक्क कलम 3 मध्ये आहे.

पण पहिल्या म्हणजे 2008 च्या नियमात माल नेण्याबद्दल लिहिलं होतं डोईबोजा, सायकल अन् हातगाडी. म्हणजे मालकी आपली, पण ट्रक भरायचा म्हटलं की गाडी पुन्हा टीपीवर अडली. बाईनं डोक्यावर गोणी घेऊन किती दूर जावं? व्यापारी ट्रक घेऊन येतो, डोईबोजानं व्यापार होत नाही.

ही अडचण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं धरून ठेवली. त्या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला होता. बांबू आमचा आहे तर पास पण आमच्या ग्रामसभेचाच, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश अन् मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले अन् वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी, 6 सप्टेंबर 2012 रोजी, केंद्रानं नियमच बदलले. आता गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेनं नेमलेली व्यवस्थापन समिती देते, नाहीतर ग्रामसभेनं अधिकार दिलेली व्यक्ती देते. माल योग्य त्या वाहनानं जंगलाच्या आत अन् बाहेर नेता येतो. परवान्याची पद्धत विकायच्या हक्काच्या आड येऊ शकत नाही, हेही तिथं लिहिलं आहे. गोळा करण्यावर रॉयल्टी नाही, फी नाही.

म्हणजे ज्या चिठ्ठीसाठी आपण हात जोडत होतो, ती चिठ्ठी फाडून द्यायचा अधिकार कायद्यानं आपल्या हातात दिला. 2013 साली आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या अन् गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकून दाखवला. तरी आजही गावात बोलणं काय ऐकू येते? ‘साहेबाकडून पास आणला का?’ कायदा बदलला, शब्द जुनाच राहिला. शब्दासोबत जुनी सवय राहिली, अन् नाक्यावरचा माणूस त्या सवयीवरच चालतो.

इथं एक गोष्ट साफ सांगतो, नाहीतर कोणी अडचणीत येईल. ग्रामसभेचा हा परवाना गौण वनोपजासाठी आहे. सागवान अन् दुसऱ्या इमारती लाकडासाठी तो चालत नाही. बांबूच्या गाडीत लाकूड लपवून कोणी नेलं तर ग्रामसभेचं नाव खराब होते अन् पुढच्या दहा गाड्या अडतात.

आता दुसरा पास, वनहक्क दाव्याचा. सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे.

माणूस सांगतो, माझा क्लेम पास झाला. विचारलं, कुठं झाला? तर कोणाचा ग्रामसभेत झाला असतो, कोणाचा एसडीओ ऑफिसमधून पुढं गेला असतो, कोणाला बाबूनं नुसतं तोंडी सांगितलं असते. कायद्यात हे तीन टेबल वेगळे आहेत अन् तिघांचं काम वेगळं आहे. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते. त्यावर ग्रामसभा ठराव मंजूर करते. उपविभागस्तरीय समिती तो ठराव तपासते अन् कागदपत्र तयार करून वर पाठवते. जिल्हास्तरीय समिती शेवटचा निर्णय देते. तिघांनाही आपण ‘पास’ म्हणतो, म्हणून कोणाचं काम झालं अन् कोणाचं अडलं ते समजतच नाही. ग्रामसभेत पास झालं की काही जण निवांत बसतात, पट्टा येईल म्हणून. फाईल कोणत्या टेबलावर पडली आहे, ते वर्षभर कोणी पाहायला जात नाही.

‘पास’मध्ये आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे किती पास झालं. एखाद्यानं तीन एकराचा दावा टाकला अन् हाती अर्ध्या एकराचा पट्टा आला, तरी यादीत त्याचं नाव पास झालेल्यातच. कायद्याप्रमाणे ताब्यातली जमीन, चार हेक्टरच्या आत, मोजून मिळाली पाहिजे. जमीन कमी केली तर काहून कमी केली, ते समितीनं सविस्तर लिहून द्यावं लागते, असं 2012 च्या नियमात आहे. पण आपण पास झालं म्हणून पेढा वाटला तर कारण कोण विचारणार? सरकारी आकड्यातही तो दावा मंजूर म्हणूनच दिसतो. कमी केलेल्या जमिनीचा आकडा त्यात दिसत नाही.

अन् तिसरा शब्द, पासच्या उलटा. नापास. हा शब्द ऐकला की आम्हाला फार राग येते. सत्तर वर्षांचा म्हातारा मान खाली घालून सांगतो, ‘बाबू, माझा क्लेम नापास झाला.’ जसं काही तो परीक्षेला बसला होता अन् त्याला उत्तरं आली नाहीत. अरे बाबा, ही परीक्षा नाही. तिथं तुझी नाही, पुराव्याची तपासणी आहे. अन् तो पुरावा बरोबर तपासला की नाही, ते विचारायचा अधिकार तुझा आहे. वाडवडील त्या जमिनीवर राबले, बांधी काढली, बोडी खोदली, ते सारं जमिनीवर दिसते. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा लेखी जबाब हाही कायद्यानं पुरावाच आहे, मात्र जबाब देणारा दावेदार सोडून दुसरा पाहिजे. अमुकच कागद आणा, असा हट्ट समितीला धरता येत नाही.

नापास म्हटलं की माणूस लाजून घरी बसतो. ‘नामंजूर’ म्हटलं की विचारता येते, कोणी नामंजूर केलं अन् कोणत्या कारणानं? लाजेत दिवस जातात अन् कायद्यात दिवस मोजलेले आहेत. उपविभागस्तरीय समितीचा निर्णय मान्य नसला तर 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. ग्रामसभेचाच ठराव मान्य नसला तर 60 दिवसांत उपविभागस्तरीय समितीकडे जाता येतो. दावेदाराला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय तो अर्ज निकालात काढता येत नाही. नामंजुरीची खबर दावेदाराला स्वतःला मिळाली पाहिजे. नोटीस बोर्डावर यादी लटकवून, नाहीतर चहाच्या टपरीवर कोणाच्या तोंडून सांगून ते काम होत नाही.

हा शब्दाचा खेळ किती महाग पडू शकतो ते 2019 साली साऱ्या देशानं पाहिलं. 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यांचे दावे नामंजूर झाले, त्यांना राज्यांनी जंगलातून काढावं. देशभर आदिवासींनी आवाज उठवला. 28 फेब्रुवारीला कोर्टानं तो हुकूम थांबवला अन् दावे नामंजूर करताना कायद्याची रीत पाळली का, ते राज्यांना विचारलं. तेव्हा ज्यांच्याजवळ लेखी कागद होता, तारीख होती, त्यांना सांगता आलं की आम्हाला कारण दिलं नाही, आमचं ऐकलं नाही. ज्यांच्याजवळ फक्त ‘नापास झालं म्हणे’ एवढंच होतं, ते काय दाखवणार?

काही साथी आम्हाला म्हणतात, ‘शब्दात काय अडलं? लोकांना पास समजते, तेच बोलू द्या. तुम्ही शिकलेली पोरं उगाच शब्दाचा कीस काढता.’ त्यांचं अर्धं म्हणणं आम्हाला मान्य आहे. लोकांच्या तोंडचा शब्द काढून तिथं शासकीय मराठी कोंबायची आमची इच्छा नाही. ‘उपविभागस्तरीय’ म्हणताना आमचीही जीभ अडते. बोलताना पास म्हणा, खुशाल म्हणा. पण कागदावर पास लिहू नका. तोंडचा शब्द वाऱ्यासोबत जाते. रजिस्टरातला शब्द दहा वर्षांनी कोर्टात उभा राहते, अन् तेव्हा त्याचा अर्थ आपण सांगत नाही, समोरचा वकील सांगतो.

दुसरं असं की आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र आहे, तिथल्या गावांना पेसा कायद्याचाही आधार आहे. आपल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या गावांना तो आधार नाही. जंगलाच्या बाबतीत आपली सारी भिस्त वनहक्क कायद्यातल्या ग्रामसभेवर आहे. म्हणून आपल्या ग्रामसभेचा कागद इतरांपेक्षा पक्का पाहिजे.

आमच्या सूचना साध्या आहेत.

ग्रामसभेच्या रजिस्टरात ‘ठराव पास’ एवढंच लिहून थांबू नका. ‘ग्रामसभेनं मंजूर केला’ असं लिहा. किती लोक हजर, त्यात बाया किती, ते लिहा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य पाहिजेत अन् हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्याचा ठराव असला तर निम्मे दावेदार नाहीतर त्यांचे प्रतिनिधी पाहिजेत. सह्या अन् अंगठे ठरावाच्या खाली घ्या, कोऱ्या पानावर घेऊ नका. कोऱ्या पानावर सही मागणारा कोणीही असो, सरपंच असो की सचिव, त्याला पहिले ठराव लिहायला लावा.

वर गेलेल्या दाव्याबद्दल कोणी पास झालं म्हटलं, तर कोणत्या समितीत, किती तारखेला अन् किती जमीन, हे लेखी मागा. नापास झालं म्हटलं, तर कारणाचा कागद मागा. कागद हाती आला त्या दिवशी त्यावर तारीख टाका अन् 60 दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजा.

ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाला, त्यांनी वाहतूक परवान्याचं पुस्तक छापून घ्या. नंबर घातलेली पानं अन् गावात ठेवायला स्थळप्रत असू द्या. माल कोणता, बांबूचे नग किती नाहीतर तेंदूच्या गोण्या किती, कोणत्या जंगलातून निघाला, कुठं चालला, गाडीचा नंबर, तारीख अन् ज्या ठरावानं अधिकार दिला त्याचा नंबर, हे सारं त्यात भरा. एक प्रत वनविभागाला माहितीसाठी द्या. माहितीसाठी म्हटलं आम्ही, परवानगीसाठी नाही. नाक्यावर ‘पास कोणाचा?’ असं विचारलं तर गाडीवाल्यानं न डगमगता सांगावं, ग्रामसभेचा.

अन् एक काम आमच्यासारख्या शिकलेल्या पोरापोरींचं आहे. आपण बारावी पास झालो, कोणी बीए करून राहिलं. गावातल्या दावेदारांजवळ पेटीत, प्लास्टिकच्या थैलीत घडी करून ठेवलेले कागद आहेत. या महिन्यात प्रत्येक गावात दोन जणांनी घरोघरी जाऊन ते कागद वाचून द्यावे. कोणत्या टेबलावर काय झालं अन् कोणत्या तारखेला झालं, ते एका वहीत उतरवावं. पुढच्या तालुका बैठकीला ती वही सोबत आणावी. कोणाचे 60 दिवस चालू असतील तर बैठकीची वाट पाहू नका, लगेच निरोप पाठवा.

कायद्यानं पास करायचा अन् पास द्यायचा, दोन्ही अधिकार ग्रामसभेला दिले आहेत. ते वापरायचे असतील तर पहिले ग्रामसभेत जाऊन बसावं लागेल. पुढच्या ग्रामसभेला घरचे सारे या, बायांना पुढं बसवा अन् सचिवानं ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

जय सेवा! जय जोहार!